समितीपुढची साक्ष वाया जात नाही

सरकारी खात्यांच्या खर्चाची संसदीय समित्यांकडून होणारी तपासणी निरुपयोगी आहे, हे मत इतक्या वेळा मांडले गेले आहे की ते सिद्ध झाल्यासारखेच वापरले जाते. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. लोकलेखा समितीला जाग येते ती पैसा खर्च होऊन गेल्यावर. खासदार-आमदारांना हिशेब कळत नाही, आणि कळला तरी ते पक्षाचीच बाजू धरतात. जे काही उघडकीस येते ते न्यायालयात, वृत्तपत्रांत किंवा माहिती अधिकारात. समितीच्या खोलीत काही घडत नाही. या तक्रारींत काही भाग खरा आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि घातकही आहे, कारण समित्यांना वेळ, माणसे आणि कागदपत्रे द्यायला नाखूश असलेल्या प्रत्येक सरकारला तो सोयीचा पडतो.

खर्चावर संसदेचा ताबा नेमका कुठे चालतो, हे आधी पाहावे लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 266 नुसार कायद्याच्या आधाराशिवाय संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. अनुच्छेद 113 प्रमाणे प्रत्येक मंत्रालयाचा खर्च अनुदानाच्या मागणीच्या रूपाने लोकसभेपुढे येतो, आणि सभागृह ती मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा तिची रक्कम घटवू शकते. कागदावर हा अधिकार पुरेसा आहे. प्रत्यक्षात शंभराच्या आसपास मागण्यांपैकी मोजक्या मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उरलेल्या सगळ्या एकदम मताला टाकल्या जातात. संसदीय व्यवहारात याला गिलोटिन म्हणतात. 2018 साली आणि पुन्हा 2023 साली एकाही मंत्रालयाच्या मागणीवर लोकसभेत चर्चा झाली नाही. 23 मार्च 2023 रोजी सुमारे 45 लाख कोटी रुपयांच्या खर्चाला सभागृहाने गदारोळात मंजुरी दिली. त्या वर्षी संसदेच्या वतीने त्या खर्चाची बाबवार विचारपूस झाली असेल, तर ती समित्यांतच. समित्या निरुपयोगी ठरवणाऱ्यांनी म्हणून पहिले उत्तर याचे द्यावे: त्या नसत्या तर ही विचारपूस कुठे झाली असती?

ही व्यवस्था दीडशे वर्षांहून जुनी आहे. ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना 1861 साली कॉमन्स सभागृहाची लोकलेखा समिती उभी राहिली. भारतात मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर 1921 मध्ये ती आली, पण तिचा अध्यक्ष सरकारचाच वित्त सदस्य असे. ज्याच्या खात्याने पैसा दिला त्याच्याच अध्यक्षतेखाली त्या पैशाची झडती, ही विसंगती 1950 मध्ये दूर झाली आणि समिती लोकसभाध्यक्षांच्या अधिकाराखाली आली. 1967 मध्ये मिनू मसानी अध्यक्ष झाले आणि हे पद विरोधी पक्षाला देण्याचा संकेत रुजला. अंदाज समिती अर्थमंत्री जॉन मथाई यांच्या सूचनेवरून 1950 मध्ये सुरू झाली. तिचे तीसही सदस्य लोकसभेचे असतात, आणि काटकसर कुठे करता येईल, ठरलेल्या धोरणाच्या चौकटीत पैसा नीट वापरला जातो आहे का, हे पाहणे तिचे काम. 1993 मध्ये लातूरचे शिवराज पाटील लोकसभाध्यक्ष असताना खात्यांशी संलग्न अशा 17 स्थायी समित्या स्थापन झाल्या. 2004 पासून त्या 24 आहेत आणि प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून 31 सदस्य असतात. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत या समित्या आपापल्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात.

आता मुख्य आक्षेप. स्थायी समितीच्या अहवालाचे मोल समजावणीपुरते आहे, असे लोकसभेचे नियमच सांगतात, आणि तिला कपातसूचनेच्या स्वरूपाची शिफारस करता येत नाही. टीकाकार यावरून समितीला दात नाहीत असे ठरवून मोकळे होतात. पण खर्च मंजूर करण्याचा किंवा अडवण्याचा अधिकार लोकसभेचा आहे आणि तो एकतीस सदस्यांकडे सोपवणे घटनेला अभिप्रेत नाही. समितीची ताकद वेगळ्या जागी आहे. ती मंत्रालयाच्या सचिवाला समोर बसवते, कागद मागते, प्रश्नाचे लेखी उत्तर घेते आणि ते उत्तर सभागृहाच्या पटलावर कायमचे नोंदवते. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांनुसार सचिव हा मंत्रालयाचा मुख्य लेखा प्राधिकारी असतो. खर्चाबद्दल त्याला स्वतः उत्तर द्यावे लागते. सभागृहात मंत्री टाळू शकतात असा प्रश्न समितीपुढे साक्ष देणाऱ्या सचिवाला टाळणे फार अवघड जाते, कारण तोच प्रश्न पुरवणी प्रश्नावलीत लेखी परत येतो.

ग्रामीण रोजगार हमीचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे, कारण हमीचा पहिला कायदा याच राज्याने 1977 मध्ये केला. 2023-24 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मनरेगासाठी 60,000 कोटी रुपये ठेवले गेले. आदल्या वर्षीचा सुधारित अंदाज 89,400 कोटींचा होता. सरकारचा युक्तिवाद असा की योजना मागणीवर चालते, गरज पडली तर पैसा वाढवून मिळेल. ग्रामीण विकास खात्याच्या स्थायी समितीने मागण्या तपासल्या तेव्हा एक गोष्ट नोंदीवर आली: खुद्द ग्रामीण विकास खात्याने प्रस्तावाच्या टप्प्यावर 98,000 कोटी मागितले होते. खात्याला स्वतःला किती लागतील असे वाटत होते आणि वित्त मंत्रालयाने किती दिले, यातले 38,000 कोटींचे अंतर अर्थसंकल्पी भाषणात दिसत नाही. अर्थसंकल्पाच्या जाडजूड खंडांतही ते शोधून सापडत नाही, कारण तिथे फक्त मंजूर आकडा छापलेला असतो. ते दिसले समितीच्या अहवालात. पुढे त्याच वर्षी सुधारित अंदाज 86,000 कोटींवर गेला. समितीमुळेच तो वाढला असा दावा करण्याची गरज नाही. मूळ तरतूद अपुरी असल्याचे खात्याला आधीपासून माहीत होते, हे नागरिकाला पुराव्यासह सांगता येते ते त्या अहवालामुळे. मजुरी थकलेल्या गावात काम करणाऱ्या संघटनांना हा पुरावा मोलाचा असतो.

संरक्षण खात्याचे 2018 सालचे प्रकरण याहून बोलके आहे. मार्च 2018 मध्ये संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. लष्कराचे तेव्हाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीपुढे साक्ष देताना, अर्थसंकल्पाने लष्कराच्या आशांवर पाणी फेरले आहे अशा आशयाचे सांगितले होते. आधुनिकीकरणासाठी मिळालेले 21,338 कोटी रुपये आधीच करार झालेल्या 125 योजनांच्या 29,033 कोटींच्या देण्यालाही पुरत नव्हते. लष्कराची 68 टक्के सामग्री जुनाट, 24 टक्के चालू पिढीची आणि अवघी 8 टक्के अत्याधुनिक होती. संरक्षणाच्या प्रश्नावर सभागृहात असे बोलणाऱ्याला सहज देशविरोधी ठरवले जाते. इथे बोलणारा सेवेतला वरिष्ठ सेनाधिकारी होता आणि त्याचे बोलणे लोकप्रतिनिधींच्या अहवालात जसेच्या तसे उमटले. समितीचे अध्यक्ष मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी निवृत्त सेनाधिकारी होते, आणि सत्ताधारी भाजपचेच खासदार होते. समितीत बहुमतही सत्ताधाऱ्यांचे होते. सदस्य पक्षाच्या पलीकडे पाहू शकत नाहीत, या सरसकट विधानाला हा एकच अहवाल पुरेसे उत्तर आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीची पुनर्रचना झाली तेव्हा अध्यक्षपद खंडुरींकडे राहिले नाही. ज्या समितीचे अध्यक्षपद दरवर्षी बदलता येते तिच्याकडून सातत्य कसे अपेक्षायचे, हा प्रश्न त्यातून उरतो आणि त्याकडे पुढे वळावेच लागेल.

पक्षीय फुटीचा आक्षेप मांडणारे 2011 चे उदाहरण देतात, आणि ते खरोखर वाईट होते. टू-जी स्पेक्ट्रमच्या वाटपावरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल नोव्हेंबर 2010 मध्ये आला. मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने त्यावर मसुदा तयार केला. 28 एप्रिल 2011 च्या बैठकीत अध्यक्ष निघून गेल्यावर उरलेल्या सदस्यांनी सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्षस्थानी बसवले आणि अकरा जणांच्या बहुमताने मसुदा फेटाळला. लोकसभाध्यक्षा मीरा कुमार यांनी पुढे तो अहवाल परत केला. समितीच्या इतिहासातला हा काळा दिवस होता. पण त्या दिवशी समितीपुढे प्रश्न कोणता होता, हेही पाहायला हवे. पंतप्रधान आणि त्यांचे कार्यालय दोषी आहे की नाही, यावर निवाडा देण्याची वेळ तिच्यावर आणली गेली होती. व्यक्तीचा दोष ठरवण्याचे काम समितीला दिले की सदस्य आपापल्या पक्षाकडे परततात, कारण त्या निवाड्यावर सरकार टिकणे-पडणे अवलंबून असते. खर्चाची चौकशी सोपवली की तेच सदस्य बऱ्याचदा एकमताने अहवाल देतात. लोकलेखा समितीच्या कामातला फार मोठा भाग असाच एकमताचा आणि म्हणून बातमीत न येणारा आहे. हेच जोशी 2018 मध्ये, स्वतःचा पक्ष सत्तेत असताना, अंदाज समितीचे अध्यक्ष होते. बँकांच्या थकीत कर्जांवर समितीने रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांच्याकडून टिपण मागवले. मोठ्या घोटाळ्यांच्या प्रकरणांची यादी पंतप्रधान कार्यालयाकडे पाठवली होती, हे राजन यांच्या त्या टिपणातूनच लोकांना कळले.

समितीचे काम बंद दाराआड चालते, याबद्दलही तक्रार असते. अहवाल मांडला जाईपर्यंत कामकाज गोपनीय असते, हे खरे. पण कॅमेरा नसल्यामुळेच सत्ताधारी पक्षाचा सदस्य आपल्याच सरकारच्या सचिवाला अडचणीचा प्रश्न विचारू शकतो. अहवाल आणि साक्षीची टिपणे वेळेवर प्रसिद्ध व्हावीत, ही मागणी योग्य आहे. साक्ष चालू असतानाच थेट प्रक्षेपण करावे, या मागणीने मात्र समितीचे सभागृह होईल आणि सभागृहात काय होते ते 2018 आणि 2023 ने दाखवले आहे.

खर्च झाल्यावर शवविच्छेदन करून काय मिळते, हा प्रश्न लोकलेखा समितीला उद्देशून असतो. तो विचारताना स्थायी समित्या खर्चाआधीच मागण्या तपासतात, हे विसरले जाते. शिवाय सरकारी खर्च एका वर्षात संपत नाही. तेच खाते, तीच योजना, तीच कार्यपद्धती पुढच्या वर्षीही चालू असते. उपयोगिता प्रमाणपत्रे न येताच पुढचा हप्ता देणे, मार्चअखेर निधी खर्ची पडल्याचे दाखवण्यासाठी तो स्वीय प्रपंजी खात्यात, म्हणजे विभागाच्या स्वतःच्या ठेव खात्यात, नेऊन ठेवणे, मंजूर रकमेपेक्षा जास्त खर्च करून नंतर तो नियमित करून घेणे, या सवयी एका वर्षाच्या नसतात. जास्तीचा खर्च नियमित करण्यासाठी केंद्रात अनुच्छेद 115 आणि राज्यात अनुच्छेद 205 प्रमाणे सभागृहाची मंजुरी लागते, आणि त्याआधी लोकलेखा समिती त्याची कारणे तपासते. या तपासणीतच खात्याचा अंदाज कुठे आणि का चुकला, हे लेखी येते. राज्यघटना तयार होत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 30 मे 1949 रोजी घटना समितीत नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे काम न्यायव्यवस्थेच्या कामापेक्षाही महत्त्वाचे मानले होते. त्या अधिकाऱ्याचे अहवाल अनुच्छेद 151 नुसार विधिमंडळापुढे येतात. ते वाचून खात्याला जाब विचारणारी समिती नसेल तर त्यांचे करायचे काय, हे टीकाकार सांगत नाहीत.

तपासणी उशिरा होते, ही तक्रार खरी असेल तर तिचा उपाय तपासणी अलीकडे आणणे हा आहे. महाराष्ट्राच्या सिंचनाचा अनुभव इथे मोलाचा ठरतो. राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीतून दहा वर्षांत ओलिताखालील क्षेत्राचे प्रमाण अवघ्या 0.1 टक्क्याने वाढल्याचे समोर आले, आणि या काळात सुमारे 70,000 कोटी रुपये खर्च झाल्याची चर्चा राज्यभर झाली. विदर्भातल्या 38 प्रकल्पांची किंमत 2009 साली सुधारित प्रशासकीय मान्यतांमधून 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेली होती. खात्याच्या बोलीत सुप्रमा म्हटल्या जाणाऱ्या या मान्यतेच्या प्रवासात महामंडळ येते, खाते येते, मंत्री येतात. विधिमंडळाच्या समितीला त्यात जागा नाही. परिणामी 2012 मध्ये श्वेतपत्रिका काढावी लागली आणि माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमावे लागले, ज्याचा अहवाल 2014 मध्ये आला. एखाद्या प्रकल्पाची किंमत मूळ मान्यतेच्या दुपटीपलीकडे जाताना ती वाढ अंदाज समितीपुढे आणणे बंधनकारक असते, तर जलसंपदा खात्याच्या सचिवाला 2009 मध्येच त्याची कारणे लेखी द्यावी लागली असती. पैसा बहुतेक कामांवर तेव्हा अजून खर्च व्हायचा होता.

न्यायालय आणि माहिती अधिकार हे काम अधिक चांगले करतात, या दाव्यात दोन वेगळ्या कामांची गल्लत आहे. टू-जीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 रोजी 122 परवाने रद्द केले, तर विशेष न्यायालयाने 21 डिसेंबर 2017 रोजी सर्व आरोपींना निर्दोष सोडले. दोन्ही न्यायालये आपापल्या प्रश्नापुरती बोलली: वाटप कायदेशीर होते का, आणि गुन्हा शाबीत झाला का. सरकारी मालमत्तेची किंमत ठरवण्याची पद्धत शहाणपणाची होती का, हा तिसरा प्रश्न विधिमंडळाचा आहे. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने अस्तित्वात असलेला कागद मिळतो. निर्णय तसा का घेतला, याचे उत्तर अधिकाऱ्याला त्याखाली द्यावे लागत नाही. ते समितीपुढे द्यावे लागते.

खरे तर न्यायालय अनेकदा संसदीय तपासणीने तयार केलेल्या नोंदीवर उभे राहते, आणि याचा सर्वांत स्वच्छ दाखला ब्रिटनमधला आहे. तिथे प्रत्येक खात्याचा स्थायी सचिव संसदेला जबाबदार असा लेखाधिकारी असतो. एखादा खर्च पैशाचे मोल वसूल करणारा नाही असे त्याला वाटले, तर तो मंत्र्याकडे लेखी आदेश मागतो आणि तो आदेश महालेखापरीक्षकामार्फत लोकलेखा समितीकडे जातो. मलेशियातल्या पेर्गाव धरणासाठी ब्रिटनने 23 कोटी 40 लाख पौंडांची मदत द्यायचे ठरवले तेव्हा परदेश विकास प्रशासनाचे सचिव सर टिम लँकेस्टर यांनी हा प्रकल्प किफायतशीर नाही असे लेखी कळवले. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी 1991 मध्ये लेखी आदेश देऊन मदत पुढे नेली. 1993 मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाचा अहवाल आला, 1994 च्या सुरुवातीला लोकलेखा समितीने साक्षी घेतल्या, आणि मदतीचा संबंध शस्त्रविक्रीच्या बोलण्यांशी कसा जोडला गेला होता हे चव्हाट्यावर आले. नोव्हेंबर 1994 मध्ये उच्च न्यायालयाने ही मदत बेकायदा ठरवली. याचिका करणाऱ्या संस्थेच्या हातात जे पुरावे होते त्यातला गाभा सचिवाच्या आक्षेपाचा आणि त्यावरच्या साक्षीचा होता. समितीला त्या खर्चाचा एक पौंडही अडवण्याचा अधिकार नव्हता. भारतात लेखी आदेश मागण्याची अशी तरतूद नसल्याने तोंडी सूचनेवर सही करणारा सचिव पुढे एकटा सापडतो.

यावरूनच आणखी एका भीतीचे उत्तर मिळते. समित्यांच्या प्रश्नांमुळे अधिकारी सही करायला घाबरतात, निर्णय रखडतात, असे अलीकडे सांगितले जाते. अधिकाऱ्यांना खरी भीती होती ती भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या कलम 13(1)(घ) ची, ज्याखाली हेतू शुद्ध असला तरी दुसऱ्याला लाभ झाला एवढ्यावर खटला उभा राहू शकत असे. 2018 च्या दुरुस्तीने ते कलम गेले. समिती कोणाला तुरुंगात पाठवत नाही. सद्भावनेने घेतलेला आणि नंतर चुकलेला निर्णय समजावून सांगण्याची अधिकाऱ्याला मिळणारी ती सर्वांत सुरक्षित जागा आहे.

सदस्यांच्या अज्ञानाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. लोकलेखा समितीच्या बाजूला महालेखापरीक्षक आणि त्यांचे अधिकारी बसलेले असतात. प्रश्नांची तयारी त्यांच्या मदतीने होते. आपल्या मतदारसंघात नळयोजना कागदावर पूर्ण आणि जमिनीवर अपूर्ण आहे, हे सांगायला लेखापरीक्षेची पदवी लागत नाही. जिल्हा परिषदांना याची जाणीव आहे. पंचायत राज समिती, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली पीआरसी, येणार म्हटल्यावर वर्षानुवर्षे पडून असलेल्या आक्षेपांचे अनुपालन लिहायला कार्यालये बसतात.

तरीही महाराष्ट्रात समित्यांची बाजू घेणाऱ्याला एका प्रसंगाकडे डोळेझाक करता येणार नाही. मे 2025 मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत 1 कोटी 84 लाखांहून अधिक रोकड सापडली. ती समितीच्या सदस्यांसाठी गोळा केली होती असा आरोप झाला आणि चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले. त्यानंतर महिन्याभरात, संसदेच्या अंदाज समितीला 75 वर्षे झाल्याच्या निमित्ताने, देशभरातल्या अंदाज समित्यांची परिषद मुंबईच्या विधान भवनात भरली. आरोपाचा निकाल चौकशीने लागेल. पण खात्याची तपासणी करणाऱ्यांचा मुक्काम, गाडी आणि जेवण त्याच जिल्ह्यातल्या त्याच खात्यांनी सांभाळायचे, ही पद्धत आरोपाला आमंत्रण देते, एवढे तर चौकशीविना दिसते. दौऱ्याचा सगळा खर्च विधिमंडळ सचिवालयाने करावा, प्रत्येक दौऱ्याचा हिशेब आणि भेटीचे टिपण महिन्याभरात पटलावर ठेवावे, आणि मुंबईत साक्ष घेऊन भागत असेल तिथे दौराच काढू नये. दौऱ्यांतला भ्रष्टाचार हे तपासणी बंद करण्याचे कारण मानले, तर ज्या खात्यांनी पैसे गोळा केल्याचा आरोप आहे तीच खाती उद्या कोणालाही उत्तर द्यायला बांधील राहणार नाहीत.

दुरुस्त्या हव्यात, आणि त्या समितीला बळ देणाऱ्या हव्यात. पहिली मुदतीची. सदस्य आणि अध्यक्ष दरवर्षी नव्याने नेमले जातात; एखादे खाते समजू लागेपर्यंत वर्ष संपते आणि नको असलेला अध्यक्ष बदलायला कारण द्यावे लागत नाही. सभागृहाच्या मुदतीइतकी, निदान अडीच वर्षांची नेमणूक झाली तर खंडुरींच्या समितीसारखा अहवाल देणाऱ्याला पुढच्या अर्थसंकल्पाच्या वेळी तोच प्रश्न परत विचारता येईल. दुसरी पाठपुराव्याची. स्थायी समितीच्या शिफारशींवर खात्याने काय केले याचे उत्तर तीन महिन्यांत द्यायचे असते, आणि 2004 पासून लोकसभाध्यक्षांच्या निर्देशानुसार मंत्र्यांना स्थायी समित्यांच्या शिफारशींच्या अंमलबजावणीवर सभागृहात निवेदन करावे लागते. निवेदनावर चर्चा होत नाही. ज्या शिफारशी सरकारने नाकारल्या आणि समितीने पुन्हा आग्रहाने मांडल्या, निदान तेवढ्यांवर प्रत्येक अधिवेशनात एक दिवस चर्चा ठेवता येते. तिसरी, सचिवाला लेखी आदेश मागण्याचा आणि तो समितीकडे पाठवण्याचा ब्रिटनसारखा अधिकार.

चौथी दुरुस्ती महाराष्ट्रासाठी सर्वांत निकडीची आहे. 28 जून 2024 रोजी राज्याचा सुमारे 6 लाख 12 हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि 9 जुलैला, दोन आठवडेही झाले नसताना, 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. त्याआधी डिसेंबर 2023 च्या नागपूर अधिवेशनात 55,520 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या होत्या. पुरवणी मागणी ही अर्थसंकल्पाच्या वेळी अंदाज न आलेल्या खर्चासाठी असते. अकरा दिवसांत 94,889 कोटींचा कोणता नवा खर्च उद्भवला, हा साधा प्रश्न आहे, आणि सभागृहातल्या काही तासांच्या चर्चेत प्रत्येक खात्याकडून त्याचे उत्तर मिळणे शक्य नाही. केरळ विधानसभेच्या विषय समित्या 1980 पासून मागण्यांची छाननी करतात. तिथे मंत्रीच समितीचे अध्यक्ष असतात हा मोठा दोष आहे, पण मागणी मतदानाआधी समितीपुढे नेण्याची वाट त्यांनी दाखवली आहे. महाराष्ट्रात ठरावीक मर्यादेवरची प्रत्येक पुरवणी मागणी मतदानाआधी किमान दहा दिवस अंदाज समितीकडे जावी. खाते सचिवाने तिथे दोन गोष्टी लेखी द्याव्यात: हा खर्च मूळ अर्थसंकल्पात का नव्हता, आणि मूळ तरतुदीपैकी किती रक्कम आजवर खर्च झाली. समितीचे टिपण मतदानाच्या आदल्या दिवशी प्रत्येक आमदाराच्या हाती असावे. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही. अनुच्छेद 208 प्रमाणे आपल्या कामकाजाचे नियम विधिमंडळ स्वतः करते, आणि हा बदल त्याच नियमांत बसतो.